चिठ्ठी नसलेली शाल

दिवाळीचे आकाशकंदील उतरले म्हणून कोपरगावात लगेच थंडी पडत नाही. आधी मळीचा वास येतो. साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध चालायला लागतात, तो आंबूस-गोड वास आमच्या पोस्टाच्या खिडकीपर्यंत येऊन बसतो आणि मग आठ-पंधरा दिवसांनी थंडी हळूच हजेरी लावते. तिच्या पाठोपाठ शालवाले येतात. मोटारसायकलच्या मागे चादरीत बांधलेलं भलंमोठं गाठोडं, डोक्याला लोकरीची टोपी, आणि आपल्याला इथल्या थंडीचं काहीच वाटत नाही हे सांगणारा उघडा शर्ट.

यंदा पहिला शालवाला मी पोस्टाच्या खिडकीतूनच पाहिला. हातातल्या रजिस्टरच्या पाकिटावर शिक्का उलटा बसला. समोरचे आजोबा म्हणाले, "ताई, लक्ष कुठंय?" मी नुसती हसले. एरवी हे गाठोडं दिसलं की मला बरं वाटायचं. यंदा नाही वाटलं, कारण चारच दिवसांपूर्वी नझीरचाचांचा फोन येऊन गेला होता.

नझीरचाचा म्हणजे आमच्या बाहेरच्या खोलीचे हिवाळ्यातले भाडेकरू. श्रीनगरहून यायचे, दिवाळीनंतर उतरायचे, शिमग्याच्या आधी परत जायचे. माझ्या लहानपणापासून ते आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचा एकही हिवाळा चुकला नाही. मग गुडघे गेले, इतरही कारणं झाली आणि ते यायचे थांबले. वर्षातून दोनदा, ईदला आणि दिवाळीला, फोन तेवढा होत राहिला. यंदा दिवाळीचा फोन जरा उशिराच आला, आणि त्यावर ते म्हणाले, "मंगलबेटी, मी एकदा येतो. नातवाला घेऊन येतो. भाभीकडे ती शाल आहे ना, ती एकदा हातात घ्यायची आहे."

भाभी म्हणजे माझी आई. आणि ती शाल कुठली, हे मला विचारावं लागलं नाही.

त्यांची बायको, झूना, दोन वर्षांपूर्वी गेली. ते मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. झूना जन्मभर शेळीच्या लोकरीचं सूत काततच बसलेली. पण कातणाऱ्या बाईचं सूत घरात राहत नाही. लडी झाली की व्यापारी नेतो, कुणीतरी विणतं, कुणीतरी धुतं, आणि कुठल्या शालीत आपला धागा गेला हे तिला कधी कळत नाही. "घरात तिच्या हातचा एक धागा नाही राहिला, बेटी," चाचा म्हणाले. "एकच शाल अशी आहे की मी सांगू शकतो, ही तिची. ती तुमच्याकडे आहे."

मी म्हणाले, "हो, आहे की. या तुम्ही."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसला. तो पुसलेलाच होता. शाल आमच्याकडे नव्हती. सतरा वर्षं नव्हती. ती मीच देऊन टाकली होती.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. टीव्हीसमोर बसले की उठून दार लावलंय का बघायचं, दार बघायला गेले की तुळशीला पाणी घालायचं, भर थंडीत दोनदा. नवरा म्हणाला, "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का?" भिंगरी पायाला नव्हती, डोक्यात होती. माझं सासर आणि माहेर यांच्यात दोनच गल्ल्या आहेत. त्या आठवड्यात मी आईकडे इतक्या चकरा मारल्या, की शेवटी शेजारणीनं विचारलं, आईला बरं नाही का.

असाच एक अस्वस्थ हिवाळा त्याआधीही येऊन गेला होता, आणि या शालीची सुरुवात तिथंच आहे. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. पोस्टाच्या परीक्षेचं पुस्तक उघडायचं, तेवढ्यात कुणी पाहुणे बघायला येणार म्हणून पोहे भिजवायचे. पाहुणे जायचे, पुस्तकात पोह्याचा एखादा दाणा सापडायचा. ना परीक्षेचा निकाल लागत होता, ना लग्नाचा. त्यात नझीरचाचा तापानं पडले. चार दिवस त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. पाचव्या दिवशी खोलीचं दार उघडेना तेव्हा आईनं अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दार ढकलायला लावलं. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला.

महिनाभर आई त्यांना मुगाची पातळ खिचडी घालत होती. खिचडी न्यायची मी. ताप उतरल्यावर ते ओट्यावर उन्हात बसायचे, अंगावर आमचीच गोधडी, शेजारी न उघडलेलं गाठोडं. गोदावरीवरचं धुकं नऊ वाजेपर्यंत गल्लीत रेंगाळायचं. अशक्त माणसाला बोलायला लागतं आणि मला अभ्यास टाळायला काहीतरी लागत होतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

ते शेळ्यांचं सांगायचे. लडाखच्या अंगाला चांगथांग म्हणून पठार आहे, तिथे झाड नाही, आडोसा नाही, थंडी अशी की बादलीतलं पाणी उचलेपर्यंत गोठतं. तिथल्या शेळीला वरून लांब राठ केस असतात, आणि त्या केसांच्या खाली, थेट कातड्याजवळ, हिवाळ्यात एक मऊ लव उगवते. तीच पश्म. उन्हाळा लागला की शेळीला ती नकोशी होते, मग माणसं कंगव्यानं ती विंचरून काढतात. एका शेळीची ओंजळभर निघते. कातरत नाहीत. राठ केस त्यातून एकेक वेचून टाकायचे, बायका ते महिनोन्महिने करतात. मग तांदळाच्या पिठात ती लव घोळून ठेवायची, म्हणजे मऊ होते आणि धागा धरते. मग चरखा.

"आमच्याकडे पण शेळ्या आहेत की चाचा," मी म्हणाले होते. "संगमनेरी. त्यांची का नाही निघत?"

चाचांनी गल्लीतून चाललेल्या शेळ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "यांना थंडी कुठे वाजते? ज्याला थंडी वाजते त्यालाच आतून लव येते."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. त्या वयात मी वाक्यं लिहून ठेवायची. त्याप्रमाणे वागावं असं काही तेव्हा सुचत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात चाचा आले ते आईसाठी शाल घेऊन. जुन्या मलमलीत गुंडाळलेली. आई हात पुसत बाहेर आली, मी तिच्या मागे. माझ्या मनात काय होतं ते सांगते. चाचांच्या गाठोड्यात मोठ्या घरच्या बायकांसाठी असायच्या तशा शाली मी पाहिल्या होत्या, पानापानांचं भरतकाम, चारी कडांना वेल. महिनाभर जिनं खिचडी घातली तिला तसलीच मिळणार, हे मी ठरवूनच टाकलं होतं. मलमल उघडली. आतून निघाली एक भुरकट, दुधात चहाचा थेंब पडावा त्या रंगाची, काठ नाही, पदर नाही, फूल नाही अशी शाल. हातात घेतली तर वजनच नाही.

"घरची आहे, भाभी," एवढंच चाचा म्हणाले.

आई चांगल्या वळणाची. "छान आहे हो," म्हणाली आणि खांद्यावर टाकली. ते गेल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, ही शाल आहे का उपरणं? ह्यानं काय थंडी भागणार?" आई हसली, मला हसू आलं नाही. चाचांनी आपल्याला गाठोड्यातलं उरलंसुरलं दिलं असं मला वाटलं, आणि आईच्या वतीनं मीच त्यांच्यावर रुसले. आईला ते कळलं नाही. चाचांना कळलं असावं, कारण त्या वर्षी ते मला शेळ्यांचं काही सांगायला आले नाहीत.

शाल पेटीत गेली. आमच्या पेटीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा पेटीनंच केला. निदान इतकी वर्षं मी तसंच सांगत आले.

अण्णा मुख्याध्यापक होते आणि तालुक्यातला कुठलाही सत्कार त्यांच्याशिवाय होत नसे. एकतर ते घेणारे, नाहीतर देणारे. आपल्याकडे माणूस निवृत्त झाला, निवडून आला, साठीचा झाला, मुलगा फौजदार झाला, की त्याच्या अंगावर शाल पडते आणि हातात नारळ. नारळाची चटणी होते. शालीचं काय करायचं हा खरा प्रश्न. ती कुणी अंगावर घेत नाही. ती पेटीत जाते आणि पुढच्या सत्काराला दुसऱ्याच्या अंगावर पडते. आमच्या पेटीतून गेलेली मोरपंखी काठाची एक जांभळी शाल तालुकाभर फिरून तीन वर्षांनी अण्णांच्याच खांद्यावर आली. तिला आमच्याच डांबरगोळ्यांचा वास येत होता. आईनं घरी आल्यावर तिला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं.

यात एकच भीती असते. ज्यानं दिली त्यालाच ती परत जाता कामा नये. म्हणून आईनं पद्धत घातली होती. प्रत्येक शालीच्या घडीत एक चिठ्ठी. कुणाकडून आली, कशासाठी. सोसायटीचे चेअरमन, नातवाचं बारसं. शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा. वगैरे. शाल द्यायची झाली की आधी चिठ्ठी वाचायची, मग काढायची. आणि देताना चिठ्ठी काढून घ्यायला विसरायचं नाही. एकदा ती विसरली होती, आणि एका व्याह्यांच्या घरी वर्षभर आमच्याशी कुणी बोललं नव्हतं.

ती भुरकट शाल पेटीत जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा गावाबाहेरच्या मैदानावर जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं. अण्णा स्टेजवर. अकरा वाजता त्यांचा निरोप आला, एक शाल कमी पडतेय, शेळ्यांच्या गटात पहिली आलेल्या बाईचा सत्कार राहून गेलाय, पेटीतली एक लगेच पाठव. आई हळदीकुंकवाला गेलेली. मी पेटी उघडली आणि चिठ्ठ्या वाचायला बसले. स्टेजवर जे जे बसले असणार त्यांच्याच शाली सगळ्या. ही चेअरमनची, ही सभापतींची, ही त्यांच्या साडूची. एकाच शालीत चिठ्ठी नव्हती. ती कुणी सत्कारात दिलेलीच नव्हती, मग तिच्यात चिठ्ठी येणार कुठून. मी ती घेतली, कागदात घातली आणि पाठवून दिली.

ही गोष्ट मी कित्येकदा सांगितली आहे, हसून. चिठ्ठी नव्हती म्हणून गेली. ऐकणारे पण हसतात. त्यात खोटं काही नाही, फक्त अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी या वर्षी, तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालताना, स्वतःला सांगितलं. शाल हातात घेतल्याबरोबर मी ओळखली होती. दुधात चहाचा थेंब. आणि मनात आलं होतं, शेळीवालीला काय, हीच बरी. जरीकाठाच्या कशाला घालवायच्या.

आईला पुढच्या महिन्यात कळलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

चाचांच्या त्या फोननंतरच्या रविवारी मी शिर्डीला गेले. दर्शनाला नाही, हे बाबांना ठाऊक असेलच. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हार-फुलांच्या आणि पेढ्यांच्या दुकानांना लागून शालींचे ढीग असतात, वर पुठ्ठ्यावर लिहिलेलं, असली पश्मिना. मी त्यांतली भुरकट रंगाची शोधत होते. बोलायचीही तयारी केली होती. चाचांची नजर आता अधू, सतरा वर्षांत शाल वापरून अशी झाली म्हणायचं. दुकानदारानं बोटातली अंगठी काढून तिच्यातून शाल ओढून दाखवली. "बघा मॅडम, गॅरंटी." मी शाल गालाला लावली. गुळगुळीत, गार, प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथसारखी. नजर अधू झाली तरी चाचांची बोटं काही अधू झाली नव्हती. मी शाल ठेवली. दुकानदार माझ्या मागून अंगठी घेऊन चार पावलं आला.

तिथून थेट आईकडे गेले आणि सगळं सांगितलं. फोन, झूना, शिर्डी. आई तांदूळ निवडत होती. ऐंशीला टेकली तरी खडा तिच्या नजरेतून सुटत नाही.

"म्हणजे आता तू त्यांना बनावट शाल दाखवणार होतीस," ती म्हणाली.

"नाही दाखवली ना पण."

"मी दाखवली नाही, पण बोलले. ते दर वर्षी विचारायचे, भाभी, ओढता ना? मी म्हणायची, जपून ठेवलीय." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "तुझं नाव नको यायला म्हणून. आठ-नऊ वर्षं खोटं बोलले मी त्या माणसाशी, तेही संक्रांतीच्या तोंडावर."

मग तिनंच सांगितलं, की ती शेळीवाली संगमनेरच्या वरच्या अंगाला, पठारावरची. हौसाबाई नाव. अण्णा होते तोवर तिचं कौतुक करायचे, स्टेजवर शाल घ्यायला शेळीसकट चढली म्हणून. "जा," आई म्हणाली. "असेल नसेल, बघून ये. नसली तर नाही म्हणून सांगता तरी येईल खरं."

दोन एस.टी. बदलून मी गेले. पठारावर वारा फार. बाजरी निघून गेलेली, धसकटं उभी, आणि कुठंही बघितलं की एक शेळी बाभळीवर पुढचे पाय टेकून आपल्याकडे बघतेय. हौसाबाईंचं घर विचारलं तर पोरांनी घर न दाखवता शेळ्या दाखवल्या. "ह्या तिच्याच, ह्यांच्या मागं जावा." मी गेले.

हौसाबाई सत्तरीच्या असतील. वाळक्या, ताठ, कमरेला ओटीत शेंगा. मी कोण, कुणाची, का आले ते सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, "ती शाल काही आहे का हो, मावशी? तेव्हाची?"

"हाय की," त्या म्हणाल्या. "जानार कुठं? कामात हाय."

त्या मला वाड्यात घेऊन गेल्या, म्हणजे शेळ्यांच्या, काट्याचं कुंपण घातलेल्या. कोपऱ्यात बांबूचं मोठं डालगं पालथं घातलं होतं. ते उचललं. आत सकाळी व्यालेल्या शेळीचं करडू, ओलं-सुकं, कानांचं ओझं न पेलणारं. आणि त्याच्याभोवती ती.

मी ओळखली नसती. अर्धी आटून घोंगडीसारखी घट्ट झालेली, चिकाचे, दुधाचे, कसले कसले डाग. पण एका बाजूला हातभर कोपरा तसाच राहिला होता. दुधात चहाचा थेंब.

"पहिल्या वर्साला पेटीत ठिवली हुती," हौसाबाई म्हणाल्या. "मानसाच्या अंगावर ती टिकतच न्हाई, निसटती. मग एकदा पुसाच्या थंडीत जुळी झाली. एक करडू गार पडल्यालं, मान टाकल्याली. गोनपाट घातलं, गोधडी घातली, थरथर जाईना. हाताला ही लागली, हिच्यात गुंडाळलं. भाकर भाजून झाली तवर उठून उभं. तवापासून कुनाला हात लावू देत न्हाई मी हिला. सून म्हनती, धुवा. म्हनलं, धुऊन इचका करशील."

मी तिथंच बसले. आमच्या घरात, शिकलेल्या माणसांच्या, डांबरगोळ्यांच्या वासात वर्षभर ती शाल होती आणि तिला ऊब आहे हे आम्हाला कुणालाही कळलं नव्हतं. आम्ही तिच्यावर काठ शोधत बसलो. आणि जिला मी हीच बरी म्हणून दिली, तिनं ती एका करडावर टाकून बघितली आणि ओळखली. मला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत.

मी झूनाचं सांगितलं, चाचांचं सांगितलं, शाल दोन दिवस मिळेल का विचारलं. हौसाबाईंनी मान हलवली. "आजून तीन व्यायच्यात. थंडी बगताय न्हवं. त्यास्नी म्हना, हितं या."

चाचा आले ते डिसेंबरच्या शेवटाला. नातू बरोबर होता, त्याला आमच्या गावापेक्षा शिर्डीचं विमानतळ जास्त आवडलं. चाचा खूप वाकले होते. आईनं त्यांना ओट्यावर उन्हात बसवलं, खिचडी केली. शाल कुठे आहे एवढंच मी सांगितलं, एका शेळीवाल्या मावशींकडे आहे, चला. कशी गेली ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. नातू आईपाशी राहिला. आम्ही दोघं निघालो, त्याच दोन एस.टी., त्याच धसकटांतून. मला वाटेत तीनदा बोलायचं होतं. तीनदा मी खिडकीची काच वर-खाली केली.

हौसाबाईंनी त्यांना बसायला पोतं दिलं आणि मग, विचारायच्या आधीच, डालग्यातलं करडू शालीसकट उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. आदल्या दिवसाचं असेल. थरथरत होतं. चाचांनी एक हात त्याच्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं चांगला राहिलेला कोपरा शोधला. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून ते नुसते चोळत राहिले.  वारा चालू, शेळ्या चालू.

मग त्यांनी पिशवीतून एक नवी शाल काढली, भरजरी नव्हे, तशीच साधी, तसल्याच रंगाची. हौसाबाईंना म्हणाले, "माँजी, ही घ्या. नवी आहे, पश्मच आहे. ती मला द्या."

हौसाबाईंनी शेंगांची ओटी सावरली, हात लुगड्याला पुसला आणि नवी शाल हातावर घेतली. डोळे मिटले की काय असं वाटावं इतक्या सावकाश तिच्यावरून बोटं फिरवली.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पन तशी न्हाई. हिचा धागा समदा येकसारका लागतो हाताला. तिचा कुटं बारीक, कुटं जरासा भरल्याला. जित्ता लागतो."

चाचांनी मान खाली घातली. "हा मशीनचा आहे," ते म्हणाले. "आता सगळा मशीनचा येतो. तो तिच्या हाताचा होता. माझ्या बायकोच्या."

"व्हय?" हौसाबाई म्हणाल्या. "मग हाताची बाई हुती."

चाचा रडले, पण थोडेच. करडू दचकू नये म्हणून असेल. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "किती पिल्लं झाली हिच्यात?"

"मोजली न्हाईत," हौसाबाई म्हणाल्या. "जगल्याली कोन मोजतं? मेल्याली ध्यानात ऱ्हात्यात." आणि पुढं, "न्या तुमी. तुमच्या मानसाची हाय. आमी बगू कायतरी."

चाचांनी कुंपणाकडे बघितलं. तिथं एक शेळी पोट दोन्हीकडे सुटलेली, पाय फाकवून उभी होती. "ती कधी?"

"आज-उद्या."

"मग राहू दे," चाचा म्हणाले. "एक धागा द्या फक्त."

हौसाबाईंनी नखानं कडेचा एक धागा सोडवला आणि ओढत ओढत वीतभर, दोन वीत, हातभर काढला. उन्हात तो दिसत नव्हता, चाचांच्या बोटाला गुंडाळल्यावर दिसला. करडाची थरथर तोवर थांबली होती. त्यांनी ते स्वतः डालग्यात ठेवलं. नवी शालही तिथंच सोडली, परत घेतली नाही.

परतीच्या एस.टी.त आम्हाला शेजारी-शेजारी जागा मिळाली. ऊसतोडीच्या गाड्या रस्त्यात, गाडी मुंगीच्या पावलानं. मी म्हणाले, "चाचा, ती शाल चुकून नाही गेली. मी दिली. ओळखून दिली. साधी आहे म्हणून."

 त्यांची डावी मूठ मांडीवर होती, धागा गुंडाळलेलं बोट आत. मला वाटलं, ते म्हणतील जाऊ दे बेटी, म्हणतील बरंच झालं, बघ किती जीव वाचले. मी स्वतःला तेच सांगायला सुरुवातही केली होती.

"तू जेव्हा दिलीस," ते म्हणाले, "तेव्हाच सांगायचं. मी घरी जाऊन तिला बोललो असतो. तिनं दुसरी कातली असती. भाभीला ती कधी भेटू शकली नाही, म्हणून तिनं ती कातली होती, चार महिने खिडकीत बसून. दुसरी पण कातली असती." ते खिडकीबाहेर बघत होते. "तेव्हा ती होती ना, बेटी."

चाचा श्रीनगरला परत गेले. आता संक्रांत होऊन गेली, थंडी ओसरत चाललीय, मळीचा वास मात्र अजून आहे. पोस्टाच्या खिडकीसमोरून शालवाले जातात, एखादा आत येऊन घरी पार्सल करतो. मी शिक्का नीट मारते. आईकडची पेटी परवा उघडली, सगळ्या शाली उन्हात टाकल्या, चिठ्ठ्या काढून चुलीत घातल्या. आता चिठ्ठीवर खापर फोडायची सोय राहिली नाही. तरी घरी आल्यावर मी परत एकदा दार लावलंय का ते बघून आले.